दीड किलो मटण आणि सोसायटीची टाकी

यज्ञेश्वरला कुणी "विसरलास का?" असं विचारलेलं मुळीच खपत नसे. विसरणं हे साध्या माणसांचं काम. यज्ञेश्वर हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत क्वालिटी विभागात होता, आणि त्या विभागात कुणी काही विसरत नाही. तिथे चेकलिस्ट करतात.

त्या बुधवारी सासरे पहिल्यांदाच घरी जेवायला येणार होते, म्हणून त्याने रजा टाकली होती आणि एकतीस कलमांची चेकलिस्ट केली होती. कलम चार : सोफ्याची कव्हरं बदलणे. कलम अकरा : गिझरचं बटण उलटं आहे हे समजावून सांगणे. कलम एकोणीस : हसणे.

"हसणे हे कलम आहे?" दीपमालाने सकाळी सँडल घालता घालता विचारलं.

"आयत्या वेळी राहून जातं."

"आणि मटण? फ्रीझरमधून आत्ताच काढून खाली ठेव. संध्याकाळपर्यंत सुटायला हवं. मला आज रिलीज आहे, साडेआठ-नऊशिवाय सुटका नाही. तू निदान कुकर लावून ठेव, मसाला मी आल्यावर करीन."

"कलम सात! तू निश्चिंत मनाने जा. ते झालंच असं समज!"

दीपमाला कंपनीच्या बसला पळाली. यज्ञेश्वरने चहा घेतला, चेकलिस्ट काढली आणि एकतीसच्या एकतीस कलमांवर बरोबरच्या खुणा करून टाकल्या. कंपनीत असंच करत. खुणा आधी, कामं सवडीने. मग तो सोफ्याच्या कव्हरांकडे वळला.

आता या जेवणाला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. यज्ञेश्वर नारायण पेठेतला. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात अंडं केकमधूनसुद्धा कधी शिरलं नव्हतं. दीपमाला यवतमाळची. तिच्या घरी पाहुणा आला आणि मटण शिजलं नाही, तर आपलं काय चुकलं म्हणून पाहुणा रात्रभर विचार करी. दोघांचं कंपनीत जमलं, नोंदणी कार्यालयात लग्न झालं, आणि दीपमालाचे वडील हिंमतराव, निवृत्त हेडमास्तर, त्या लग्नाला आले नाहीत. पुढची दोन वर्षं ते मुलीशी बोलले नाहीत. फोन बायकोला करू देत आणि शेजारी बसून "काय म्हणते? काय म्हणते?" असं विचारत.

त्यांचा राग तसा ओसरत आला होता. एकच गोष्ट मनात घर करून बसली होती. माझी पोरगी त्या घरात खाते काय? की चोरून खाते?

आणि खरं सांगायचं तर ती चोरूनच खात होती. कोथरूडच्या त्या सोसायटीत बारा बिऱ्हाडं, त्यातली अकरा वरणभातावर वाढलेली. नियमात कुठे मटणाला बंदी नव्हती, पण यज्ञेश्वर म्हणाला होता, "उगीच चर्चा कशाला?" त्यामुळे नियाजभाईंच्या दुकानातलं मटण लॅपटॉपच्या बॅगेतून जिना चढे. शिजताना खिडक्या बंद, उदबत्त्या चालू. उरलंसुरलं ज्या डब्यात जाई त्या डब्यावर 'राजमा' अशी चिठ्ठी. दीपमाला एकदा म्हणाली होती, "मला हे आवडत नाही रे. मी काय गांजा विकते का?" त्यावर यज्ञेश्वर "बघू" म्हणाला होता, आणि त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

गेल्या आठवड्यात हिंमतरावांनी स्वतः फोन केला. पुतण्याच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी ते पुण्यात येणार होते. "बुधवारी येतो. जेवीन. मटन कर. पाह्यतो." एवढंच बोलले. त्यातल्या 'पाह्यतो'ने दीपमालाला दोन रात्री झोप लागली नव्हती. बाबा जेवून हसत गेले तर माहेर परत मिळणार होतं, नाहीतर पुन्हा आईच्या फोनवर दिवस काढायचे.

दुपारी साडेचारला तिचा फोन आला.

"मटण काढलंस ना?"

"हो तर!" यज्ञेश्वर म्हणाला, कारण कलम सातवर खूण होती. मग फोन ठेवून त्याने फ्रीझर उघडला.

आत दीड किलो मटण होतं. म्हणजे रविवारी ते मटण होतं. आता तो पाटा झाला होता. यज्ञेश्वरने तो ओट्यावर ठेवला तेव्हा ओटा वाजला. बोटाने दाबून पाहिला, तर बोट दुखलं.

त्याने आधी नियाजभाईंना फोन लावला. ताजं मटण मिळालं तर प्रश्नच मिटला.

"आत्ता?" नियाजभाई म्हणाले. "साहेब, बुधवारचं मटण बाराला संपतं. दुकान धुऊन मी घरी पाय पसरून बसलोय. कोंबडी बघा कुठे मिळते का."

कोंबडी! यवतमाळच्या सासऱ्याला पहिल्या भेटीत कोंबडीवर भागवायचं! एवढं यज्ञेश्वरलासुद्धा कळत होतं.

मग त्याने इंटरनेट लावलं. एका अमेरिकन पानावर गोठलेलं मांस सुरक्षितपणे विरघळवण्याच्या तीनच पद्धती दिल्या होत्या. पहिली, फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवणे. त्याला एक दिवस लागतो. दुसरी, मायक्रोवेव्ह. तो त्यांच्याकडे नव्हता. असल्या वस्तू लग्नात रुखवतावर येतात, आणि त्यांच्या लग्नात सह्या सोडून काहीच नव्हतं. तिसरी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घट्ट बांधून गार पाण्यात बुडवणे आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलणे. ओट्यावर उघडं ठेवू नये, गरम पाणी वापरू नये, जंतू वाढतात, असं खाली ठळक अक्षरांत बजावलं होतं. दीड किलोला दोन तास पुरे. सात वाजता सुटेल, आठला कुकर खाली. यज्ञेश्वरला हायसं वाटलं. त्याने पानाची छापील प्रत काढली, कारण कागद हातात असला की त्याला धीर येई, आणि नळ सोडला.

नळाने एक ढेकर दिली आणि तो गप्प झाला.

जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी बुधवारी संध्याकाळी सातपर्यंत पाणी बंद, असा फलक तीन दिवस जिन्यात लागलेला होता. तो यज्ञेश्वरने वाचला होता, त्याखाली सहीही केली होती. घरात पाणी होतं एक बादली. ती पहिल्या अर्ध्या तासात खपली असती, आणि पुढच्या तीन कुठून आणायच्या?

त्याने समोरच्या विजयमालाबाईंची बेल वाजवली. विजयमालाबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण चौकशीतून झाल्या नव्हत्या.

"एक बादली पाणी मिळेल का?"

"मिळेल की. कशाला?"

"फरशी पुसायची आहे."

विजयमालाबाईंनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं. "पाणी बंद असतानाच आपल्याला स्वच्छता आठवते वाटतं? इतर दिवशी नसते का फरशी?" आणि दार लावून घेतलं.

जिन्यात उभ्या उभ्या यज्ञेश्वरचं डोकं चालू लागलं. आता डोकं चाललं नसतं तर बरं झालं असतं, पण ते क्वालिटीवाल्याचं डोकं. पाणी बदलायचं कशाला? तर ते थोडं असतं म्हणून. आणि पाणी भरपूर असेल, समजा वीस हजार लिटर, तर बदलायचीच गरज नाही! आणि असं भरपूर, गार, सावलीतलं पाणी त्याच्या पायाखाली होतं. पार्किंगमध्ये. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत. काल रात्रीच ती काठोकाठ भरून ठेवली होती; पाणी जपायचं म्हणून पंप मात्र दुरुस्ती संपेपर्यंत बंद होता.

त्याने मटण एकात एक अशा तीन पिशव्यांत घातलं, प्रत्येकीतली हवा काढली, गाठी मारल्या, वरून चिकटपट्टी लावली. थेंबभर पाणी आत जाणार नाही की बाहेर येणार नाही, याची पातेल्यात बुडवून चाचणी घेतली. मग कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधली, पार्किंगमध्ये गेला, टाकीचं लोखंडी झाकण सरकवलं आणि पाच वाजून दहा मिनिटांनी दीड किलो मटण सोसायटीच्या पिण्याच्या पाण्यात सोडलं.

"साह्येब, काय सोडताय?"

वॉचमन सोनबा. मुळशीकडचा, साठीचा माणूस. एरवी तो या वेळी चहाला जाई. आजच चहावाल्याकडे पाणी नव्हतं.

"पाण्याची... क्वालिटी बघतोय," यज्ञेश्वर म्हणाला. हे त्याच्या तोंडून सवयीने गेलं.

"म्हंजी नमुना?"

"तसंच काहीसं. दोन तास आत राहू द्यायचं. कुणाला बोलू नकोस."

"न्हाई न्हाई!" सोनबा म्हणाला, आणि तडक सचिवांच्या दाराशी गेला.

सचिव खांबेटे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नऊ वर्षं ते पाणीपुरवठ्याच्या लोकांना पत्रं पाठवत होते की सोसायटीच्या पाण्याला वास येतो. नऊ वर्षं उत्तर येत होतं की येत नाही. या पत्रव्यवहाराच्या तीन फायली झाल्या होत्या. सोसायटीत या विषयात कुणालाच रस नव्हता आणि वासही खांबेट्यांखेरीज कुणाला येत नव्हता. असा माणूस संध्याकाळी एकटा बसलेला, आणि सोनबा येऊन सांगतो, "सात नंबरचे कंपूटरवाले साह्येब टाकीत यंत्र सोडून पान्याची क्वालिटी तपासत्यात. स्वताहून!"

खांबेट्यांचे डोळे भरून आले म्हणतात.

साडेसहाला यज्ञेश्वर मटण किती सुटलं ते बघायला खाली आला, तर टाकीभोवती पंधरा-वीस माणसं. मधोमध खांबेटे, काखेत तिन्ही फायली. विजयमालाबाई खुर्ची टाकून बसलेल्या. पाणी नसल्यामुळे कुणालाच घरात काही काम नव्हतं, त्यामुळे उपस्थिती वार्षिक सभेपेक्षा चांगली होती.

"या!" खांबेटे म्हणाले. "इतकी वर्षं मी एकटा ओरडत होतो. आज या सोसायटीत एक जागरूक नागरिक निघाला. दोन पंच बोलावलेत. पंचनाम्याचा मसुदा तयार आहे. आपण नमुना सर्वांसमक्ष वर काढा."

"काका, अजून... वेळ झालेला नाही. सात वाजता."

"पाऊण तास तिष्ठत उभे आहोत आम्ही. काढा!"

"तापमान बिघडेल."

"आमचं बिघडत चाललंय," विजयमालाबाई म्हणाल्या.

यज्ञेश्वर दोरीला हात लावेना, तेव्हा सोनबानेच ती ओढली. पाणी ठिबकत पिशवी वर आली आणि फरशीवर पडली. आतला ऐवज पारदर्शक प्लास्टिकमधून स्पष्ट दिसत होता. लाल, त्यात पांढरं हाड.

एका बाईंनी सकाळपासून किती ग्लास पाणी प्यायलं ते बोटांवर मोजायला घेतलं.

खांबेटे वाकले, चष्मा वर करून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "वास!" ते ओरडले. "सांगत नव्हतो मी? वास कसला येतो, सांगत नव्हतो? हे बघा काय निघालं टाकीतून! कुठलं तरी जनावर मुख्य जलवाहिनीत पडलंय! नऊ वर्षांत पहिला पुरावा!"

"पण काका, पिशवी..." कुणीतरी म्हणालं.

"पिशवी तपासणीची आहे! त्यात गोळा झालंय! हे शास्त्र आपल्याला कळायचं नाही. सोनबा, हे कुणाला हात लावू देऊ नकोस. मुद्देमाल आहे. सीलबंद करून उद्या प्रयोगशाळेत देऊ. पेपरवाल्यांना मी फोन करतो. यज्ञेश्वर, फोटोत तुम्ही माझ्या उजव्या बाजूला!"

यज्ञेश्वर उभा होता तिथे उभाच राहिला. सुटका समोर होती. तोंड बंद ठेवलं की झालं. तो जागरूक नागरिक, पुरावा शोधून काढणारा, उद्या पेपरात फोटो. नारायण पेठेत आई तो फोटो कापून ठेवील. फक्त मटण जाईल. आणि आठ वाजता सासरे येतील, आणि ताटात असेल बटाट्याची भाजी.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. तीतून पांढरं धोतर, काळी टोपी आणि हातात कापडी पिशवी घेतलेले एक उंच गृहस्थ उतरले. फोटोतल्यापेक्षा ते उंच होते. पत्ता सापडेल न सापडेल म्हणून हिंमतराव दीड तास आधीच निघाले होते, आणि पत्ता पहिल्याच रिक्षावाल्याला ठाऊक होता.

गर्दी बघून ते पुढे आले. "काय होऊन राहिलं जी इथं? कोणी पडलं काय?"

"आमच्या पाण्यात मेलेलं जनावर सापडलंय," खांबेटे अभिमानाने म्हणाले.

हिंमतरावांनी पिशवीकडे पाहिलं. मग खांबेट्यांकडे पाहिलं. "जनावर कायचं? मटन होय ते. बकऱ्याचं, मांडीचं. तुकडे तर केलेले हायेत."

आता सगळे पिशवीकडून एकमेकांकडे बघू लागले. मटण! कुणाचं?

कलम एकोणीस आठवून यज्ञेश्वरने हसून पाहिलं. जमलं नाही. त्याला दीपमाला दिसत होती, खिडक्या लावून घेणारी, डब्यावर 'राजमा' लिहिणारी, आणि "बघू" म्हणून पेपर वाचणारा तो स्वतः. त्याची त्याला लाज वाटली. तोंडाला कोरड पडली होती, आणि प्यावं तर पाणी तेच.

"माझं आहे," तो म्हणाला.

"काय?" खांबेटे.

"मटण माझं आहे, काका. आमच्या घरचं. माझी बायको खाते. नेहमीच खाते. आज तिचे वडील पहिल्यांदा जेवायला यायचे होते, म्हणून आणलं. ते गोठलं होतं, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने बदलायला पाणी नव्हतं." आणि पुरावा म्हणून त्याने खिशातला छापील कागद काढून दाखवला. "तीन पिशव्या आहेत. आतलं बाहेर येत नाही. चाचणी घेतली आहे."

विजयमालाबाई खुर्चीतून उठल्या. "म्हणजे फरशी?"

"पुसली नाही."

खांबेट्यांनी फायली खाली ठेवल्या. पिण्याच्या पाण्यात मटण सोडलं याचं त्यांना काहीच वाटलं नसावं, कारण त्यांनी विचारलं ते भलतंच. "म्हणजे पाण्याचा नमुना घेतलाच नाही? वास आहे की नाही, ते राहिलंच?"

"राहिलंच, काका."

"नऊ वर्षं!" खांबेटे म्हणाले आणि खुर्ची रिकामी होती तीत बसले.

मग मात्र सगळे एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं पोलिसांत द्या, कुणी म्हणालं गंगाजल आणा, आणि बोटांवर मोजणाऱ्या बाईंचा आकडा सहावर आला. या गलक्यात हिंमतराव खाली वाकले. त्यांनी पिशवी उचलली, दाबून बघितली.

"आपण यज्ञेश्वर?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा." पायाशी वाकायचं कलम सव्वीस होतं, ते त्याने टाकीच्या झाकणावर उरकलं.

"हे पाण्यात काहून सोडलं?"

"सुटायला. गोठलं होतं ना. म्हणजे सुटल्याशिवाय शिजवणार कसं?"

हिंमतराव त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. दहावीच्या वर्गाला तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस जसा बघतो तसं. "तसंच कुकरमधी टाकायचं," ते म्हणाले. "गोळाच्या गोळा. हळद, मीठ, दोन गिलास पाणी. चार शिट्ट्या जास्तीच्या. सुटायची वाट कोण पाह्यते?"

यज्ञेश्वरने हातातल्या कागदाकडे पाहिलं. सुरक्षितपणे विरघळवण्याच्या पद्धती त्यात तीन होत्या. विरघळवलंच पाहिजे, असं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"चला," हिंमतराव म्हणाले. "घर कुठं हाय?"

दोघे जिना चढले. पुढे सासरे, हातात मटणाची पिशवी, सगळ्यांदेखत, ठिबकत. मागे जावई. दोन वर्षांत त्या जिन्याने मटण पहिल्यांदाच लॅपटॉपच्या बॅगेबाहेरून चढत होतं.

घरात होती ती बादली हिंमतरावांनी मटणाला, भाताला आणि स्वतःच्या हातांना हिशेबाने पुरवली. कापडी पिशवीतून बायकोने दिलेला मसाला निघाला. धोतर खोचून ते ओट्याशी उभे राहिले, आणि यज्ञेश्वरने कांदे चिरले. त्याने सवयीने खिडकी लावायला हात पुढे केला.

"राहू द्या ना उघडी," हिंमतराव म्हणाले. "आता कोणापासून लपवता?"

रस्सा उकळला तेव्हा वास पार्किंगपर्यंत गेला, आणि खांबेट्यांखेरीज इतरांनाही वास येण्याची ती पहिलीच वेळ होती.

नऊला दीपमाला धापा टाकत आली. दार उघडंच होतं. बाबा ताट घेऊन बसलेले, शेजारी यज्ञेश्वर दहीभात कालवत, आणि दोघांच्याही कपाळावर घाम.

"बाबा... कसं झालंय?"

"तिखट कमी हाय. कांदा यानं चिरला, बोटाएवढाले तुकडे." हिंमतरावांनी हाड बाजूला ठेवलं. "पोरी, मी पाह्यला आलो होतो का तू इथं चोरून खाते काय. दोन वर्षं तेच डोक्यात होतं. रागानं नाही खंगलो तेवढा मी त्या विचारानं खंगलो." त्यांनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं. "आता ती चिंता मिटली. जावयानं साऱ्या बिल्डिंगीले सांगून टाकलं. चारचौघांत उभं राहून, मोठ्यानं."

दीपमाला यज्ञेश्वरकडे बघतच राहिली. तिचे डोळे चटकन भरले. "तू सांगितलंस? तू? स्वतःहून?"

"तसं... विषय निघाला म्हणून," यज्ञेश्वर दहीभाताकडे बघत म्हणाला.

"अरे पण कसा निघाला?"

"तू आधी हातपाय धुऊन ये. मग सांगतो सगळं."

ती हसत, डोळे पुसत बेसिनपाशी गेली, नळ सोडला, थांबली. बाथरूममध्ये गेली, तिथलाही सोडला. परत आली.

"दुरुस्ती तर सातलाच संपणार होती ना? वरून खालपर्यंत कुठेच पाणी कसं नाही?"

"खांबेटे साहेबांनी टाकी रिकामी केली," हिंमतराव रस्सा वाढून घेत म्हणाले. "तोच विषय."